ओढ्यावरचा तिसरा दिवस

(महाराष्ट्रातील अनेक गावांत लोक एकत्र येऊन ओढ्या-नाल्यांसाठी श्रमदान करतात. लातूर जिल्ह्यातील मुरुडच्या परिसरात शाळेचे दोन दिवसांचे शिबिर भरले, तर तेथे कोणते काम करावे, ते कसे करावे आणि ते पुरे झाले असे केव्हा म्हणावे, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुम्ही आगगाडी पाहिली आहे. आगगाडीतून माणसे जातात, धान्य जाते, कोळसा जातो. पण पिण्याचे पाणी घेऊन जाणारी आगगाडी तुम्ही पाहिली आहे का?

अशी गाडी मुरुडच्या लोकांनी पाहिली. सन २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षी मराठवाड्यात पाऊस फार कमी पडला. लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. लोक हंडे, घागरी, बादल्या घेऊन टाक्यांजवळ तासन्‌तास उभे राहू लागले. पाण्यावरून भांडणे होऊ नयेत, म्हणून मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. शेवटी रेल्वेने पाणी आणायचे ठरले. मिरजेला कृष्णा नदीचे पाणी डब्यांत भरले. ही गाडी पंढरपूर, कुर्डूवाडी, बार्शी या मार्गाने सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावली आणि १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरला पोचली. पहिल्या गाडीला १० डबे होते. त्यांत ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० डब्यांची गाडी येऊ लागली. ती एका फेरीत २५ लाख लिटर पाणी आणी. या गाडीला ‘जलदूत’ असे नाव मिळाले.

लातूरला जाताना ही गाडी मुरुड स्टेशनावरून जात असे. आता नकाशात मुरुड शोधा. तेथून जवळच तावरजा नदी उगम पावते. ती पुढे मांजरा नदीला मिळते. मांजरा गोदावरीला मिळते. म्हणजे जेथे एक नदी जन्म घेते, त्याच गावावरून दुसऱ्या नदीचे पाणी रुळांवरून पुढे जात होते! असे का झाले?

‘पाऊस पडला नाही, म्हणून,’ असे तुम्ही म्हणाल. तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण ते अर्धेच बरोबर आहे. उरलेले अर्धे उत्तर समजण्यासाठी आपण एक हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. एका हेक्टरमध्ये दहा हजार चौरस मीटर असतात. वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका हेक्टरावर किती पाणी पडेल? सत्तर लाख लिटर! म्हणजे जलदूतच्या जवळजवळ तीन मोठ्या गाड्या. आणि वाईट वर्षी फक्त ४०० मिलिमीटर पाऊस पडला, तरी चाळीस लाख लिटर. एक हेक्टर म्हणजे केवळ अडीच एकर जमीन. मुरुडच्या शिवारात अशी किती जमीन असेल, याचा विचार करा.

हे सारे पाणी आपल्याला मिळत नाही. काही वाफ होऊन उडून जाते. काही पिके आणि झाडे पितात. पण बरेचसे पाणी उतारावरून धावत सुटते आणि जाताना चांगली माती घेऊन जाते. मोठा पाऊस झाला, की दोन तासांत ओढा भरून वाहतो. दुसऱ्या दिवशी पाहावे, तर ओढ्यात चिखल आणि दगड! धावणारे पाणी जमिनीत शिरत नाही. चालणारे पाणी थोडे शिरते. थांबलेले पाणी अधिक शिरते. म्हणून पाण्याचे काम करणाऱ्या लोकांनी एक सोपा नियम केला आहे : धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्या पाण्याला थांबायला लावा आणि थांबलेल्या पाण्याला जमिनीत मुरू द्या.

हे काम कोण करणार? सरकार करते, संस्था करतात आणि लोकही करतात. सन २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनने ‘वॉटर कप’ नावाची स्पर्धा घेतली. गावेच्या गावे पंचेचाळीस दिवस कुदळ-फावडे घेऊन शिवारात उतरली. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, शहरांतील हजारो माणसे खेड्यांत गेली आणि तेथील लोकांबरोबर त्यांनी माती उचलली. त्यांना ‘जलमित्र’ म्हणत. या कामाला मराठीत ‘श्रमदान’ म्हणतात. श्रम म्हणजे मेहनत. पैशाचे दान प्रत्येकाला करता येत नाही. मेहनतीचे दान मात्र तुम्हाला आणि मलाही करता येते.

समजा, तुमच्या शाळेने असे शिबिर ठरवले आहे. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली आहे. शनिवार आणि रविवार असे दोन दिवस तुम्ही मुरुडजवळच्या एका लहान ओढ्यावर जाणार आहात. बरोबर काय न्याल? डोक्याला बांधायला रुमाल, पायांत बूट, पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा. कोणाच्या डब्यात भाकरी आणि पिठले असेल, कोणाच्या डब्यात खिचडी-खट्टा असेल. कुदळ, फावडे, पहार आणि घमेली गावातून मिळतील.

शनिवारी तुम्ही पहाटेच निघाल. लातूरकडचे ऊन फार कडक असते. म्हणून काम सकाळी दहापर्यंत आणि पुन्हा ऊन उतरल्यावर करायचे. ओढ्याकडे जाणारी एक पाऊलवाट आहे. शेतकरी, गुरे आणि शाळेत जाणारी मुले याच वाटेने जातात. पण पावसाचे पाणीही याच वाटेने जाते! पाण्याने मधोमध खोल घळ पाडली आहे. वाटेचाच नाला झाला आहे. म्हणून पहिले काम वाटेचे. उतारावर ठरावीक अंतराने वाटेत तिरपे दगड पुरायचे. दगडांची ओळ सरळ आडवी न ठेवता जरा कलती ठेवायची. मग वरून आलेले पाणी त्या ओळीला अडते आणि बाजूच्या गवतात उतरते. वाट टिकते, माती टिकते आणि गवतालाही पाणी मिळते.

वाटेवर तुम्हाला एक म्हातारे शेतकरी भेटतील. त्यांना सलाम किंवा नमस्कार करा. ते कदाचित हसतील आणि म्हणतील, “पोरांनो, मागं बी अशीच पोरं आली होती. दोन दिवस दगडं लावली, फोटो काढले आन्‌ गेली. बांध एका पावसात वाहून गेला. पुन्हा कोणी बघायला आलं नाही.”

हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. राग येऊ देऊ नका. त्यांचे बोलणे नीट ऐका आणि त्यांनाच विचारा, “आजोबा, तो बांध का वाहून गेला? पाणी कोठून आले होते?” ज्या माणसाने साठ पावसाळे या ओढ्याच्या काठी काढले आहेत, त्याच्याइतके ओढ्याला कोण ओळखणार?

आजोबा हातातल्या काठीने वरचा माळ दाखवतील. पाणी तिकडून येते. म्हणून काम ओढ्यात सुरू करायचे नाही, माळावर सुरू करायचे. याला ‘माथा ते पायथा’ असे म्हणतात. वर पाणी अडवले नाही, तर खालच्या बांधावर सारा जोर येतो आणि बांध फुटतो. मागच्या मुलांची चूक हीच झाली होती.

माळावर आपण चर खोदू. चर उताराला आडवा आणि अगदी सपाट रेषेत हवा. तो एका बाजूला कलला, तर पाणी त्या टोकाला गोळा होते आणि चर फुटतो. सपाट रेषा कशी शोधाल? दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधा. खाली त्यांचे पाय फाकवा. मध्ये एक आडवी काठी बांधा. वरच्या टोकापासून दोरीला दगड लटकवा. गवंडी ओळंबा वापरतो, तसेच हे. दोन्ही पाय एकाच पातळीवर असले, की दोरी आडव्या काठीच्या बरोबर मध्यावर येते. तेथे चुन्याची खूण करा आणि पुढे चला. या खुणा जोडल्या, की चराची रेषा मिळते.

साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल आणि दहा मीटर लांब असा एक चर तुमच्या दहा जणांच्या गटाने खोदला, तर त्यात एका वेळी अठराशे लिटर पाणी मावते. पावसाळ्यात तो दहा वेळा भरला, तर अठरा हजार लिटर पाणी तेथे थांबते. खोदलेली माती चराच्या खालच्या बाजूला घाला. वरच्या बाजूला घातली, तर पहिल्याच पावसात ती चरात परत येईल. मुरूम कठीण आहे. तळहाताला फोड येतील. एक जण खोदील, दुसरा घमेले भरील, तिसरा ते उचलील. थोड्या वेळाने कामे बदलून घ्या.

रविवारी ओढ्यात उतरू. आधी दोन गोष्टी लक्षात ठेवा. दगड एकदम हाताने उचलू नका. आधी पहारीने हलवून पाहा. दगडाखाली विंचू असतो. आणि बांधासाठी दगड ओढ्याच्या काठातून उपटू नका. ते दगड काठाला धरून ठेवतात. शेतकऱ्यांनी शेतातून वेचून बांधावर टाकलेले दगड त्यांना विचारून घ्या.

लहान घळीत दगडांचा बांध घालताना मोठे दगड खाली पक्के बसवा. त्यांच्या फटींत लहान दगड भरा. बांधाची दोन्ही टोके काठात शिरलेली हवीत. बांधाचा मधला भाग टोकांपेक्षा थोडा खाली ठेवा. मग जास्तीचे पाणी मधूनच वाहते आणि काठ कापले जात नाहीत. बांध उंच करण्याचा मोह टाळा. एका उंच बांधापेक्षा चार ठेंगणे बांध चांगले. उंच बांध पाण्याशी भांडतो. ठेंगणा बांध त्याला फक्त थोडे थांबवतो.

आता ओढ्याचे काठ पाहा. ओढा म्हणजे केवळ पाणी नव्हे. ते पुष्कळ जीवांचे घर आहे. डोहात मासे आणि खेकडे राहतात. उथळ पाण्यात बेडूक अंडी घालतात. चतुराची पिल्ले पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. काठावर खंड्या आणि बगळा वाट पाहत बसतात. या सर्वांना सावली हवी, झाडांची मुळे हवीत, कोठे खोल तर कोठे उथळ पाणी हवे. यंत्राने ओढा सरळ आणि सारखा खोल खणला, तर त्यात पाणी साठेल; पण हे घर मोडेल. म्हणून जुने डोह आणि काठाची चांगली झाडे जपायची.

काही झाडे मात्र काढावी लागतात. वेडी बाभूळ बाहेरच्या देशातून आली आणि सगळीकडे पसरली. ती वरवर तोडली, तर पुन्हा फुटते. म्हणून ती मुळासकट खणावी लागते. हे काम मोठ्या माणसांना करू द्या, कारण तिचे काटे फार तीक्ष्ण असतात. तुम्ही बेशरम काढा. तिच्या कांडीचा तुकडा ओल्या जागेत पडला, तरी तो रुजतो. म्हणून काढलेल्या कांड्या पाण्यापासून दूर, कोरड्या जागी वाळत टाका. करंज, उंबर आणि निर्गुडी यांना हात लावू नका. एखाद्या फांदीवर सुगरणीची घरटी लोंबत असतील, तर ते झाड काटेरी असले तरी राहू द्या.

रविवारी संध्याकाळी तुम्ही घामाने आणि धुळीने माखलेले असाल. हात-पाय धुवाल, सगळे एका ओळीत बसून जेवाल आणि बसमध्ये झोपी जाल. तुम्हाला वाटेल, काम झाले.

मुलांनो, काम झालेले नाही. आजोबांचे शब्द आठवा : ‘पुन्हा कोणी बघायला आलं नाही.’ बांध वाहून गेला, ही त्या मुलांची पहिली चूक. पहिली चूक कोणाचीही होते. पाहायला कोणी परत आले नाही, ही त्यांची दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा मोठी. कारण पहिल्या पावसातच ओढा सांगतो, की तुम्ही काय बरोबर केले आणि काय चुकले. ते ऐकायला तेथे कोणी तरी असले पाहिजे.

म्हणून शिबिराला तिसरा दिवस असतो. तो पहिल्या मोठ्या पावसानंतर येतो. ओढ्याचे पाणी पूर्ण उतरल्यावर गुरुजींबरोबर जा. कोणता चर भरला आणि कोणता फुटला, हे पाहा. बांधाचा एखादा दगड निसटला असेल, तर तो पुन्हा बसवा. चर मातीने बुजला असेल, तर माती काढा. याच ओल्या जमिनीत काठावर करंज आणि उंबराची रोपे लावा. मग ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर, ओढ्यात थोडे पाणी वाहत असताना आणखी एकदा जा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून, त्यांची तोंडे शिवून, ती ओढ्यात विटांसारखी रचा. याला ‘वनराई बंधारा’ म्हणतात. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेने तो महाराष्ट्रात लोकप्रिय केला. तो फार तर एक हंगाम टिकतो. पण तेवढ्यात आसपासच्या विहिरींना पाणी देतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा बांधावा लागतो.

‘दरवर्षी?’ असे तुम्ही विचाराल. होय, दरवर्षी. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, मोठी नहर बांधली. एवढी पक्की नहर, पण तिच्यातही गाळ साचतोच आणि तो काढावाच लागतो. घर आपण रोज झाडतो. कालच झाडले होते, असे म्हणून कोणी केरसुणी टाकून देत नाही. ओढ्याचेही तसेच आहे.

तुमच्या दोन दिवसांच्या कामाने लातूरची तहान भागणार नाही. दुष्काळ मोठा असतो आणि आपले चर लहान असतात. पण त्या चराजवळच्या एखाद्या विहिरीत उन्हाळ्यात आणखी काही दिवस पाणी टिकले, तर हंडा घेऊन दूर जाणारी एखादी मुलगी तेवढे दिवस वेळेवर शाळेत पोचेल. ती मुलगी तुमच्याच वर्गातील असू शकेल.

तिसऱ्या दिवशी ते आजोबा पुन्हा वाटेवर भेटतील. तुम्हाला पाहून ते थांबतील. बांध टिकला असेल किंवा त्याचे दोन दगड निसटले असतील. या वेळी ते फोटोंविषयी बोलणार नाहीत. ते काठी बाजूला ठेवतील आणि विचारतील, “कुदळ कुठाय? आणा इकडं.”

शब्दार्थ

ओढा – लहान नदी
उगम – नदी जेथे सुरू होते ती जागा
शिवार – गावाभोवतालची शेतजमीन
माळ – उंचावरची उघडी, खडकाळ जमीन
मुरणे – जमिनीत हळूहळू शिरणे
घळ – पाण्याने कापलेली खोल जागा
चर – लांब, अरुंद खड्डा
मुरूम – माती आणि बारीक दगड यांची कठीण जमीन
ओळंबा – भिंत सरळ आहे का, हे पाहण्याचे गवंड्याचे साधन
डोह – नदीतील किंवा ओढ्यातील खोल पाण्याची जागा
केरसुणी – झाडू

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जलदूत गाडीत कोणत्या नदीचे पाणी भरले होते?
(आ) मुरुडजवळ कोणती नदी उगम पावते?
(इ) ‘जलमित्र’ कोणाला म्हणत?

२. कारणे लिहा.
(अ) पाण्याचे काम माळावरून सुरू करावे.
(आ) बांधाचा मधला भाग थोडा खाली ठेवावा.
(इ) बेशरमाच्या कांड्या पाण्यापासून दूर टाकाव्यात.

३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) चराची सपाट रेषा कशी शोधतात?
(आ) आजोबा पहिल्या दिवशी का हसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी कुदळ का मागितली?

४. हिशेब करा.
तुमच्या शाळेचे मैदान किती चौरस मीटर आहे, ते मोजा. १० मिलिमीटर पाऊस पडला, तर मैदानावर किती लिटर पाणी पडेल?

५. ‘जमीन’, ‘मेहनत’, ‘हिशेब’, ‘बाजू’, ‘जिल्हा’ हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. त्यांचे उर्दूतील रूप लिहा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

६. उपक्रम : तुमच्या गावातील एका वृद्ध व्यक्तीला भेटा. तिच्या लहानपणी गावचा ओढा कसा होता, हे विचारा आणि आठ-दहा वाक्यांत लिहा.